लाल रंगातल्या मुली

संक्रांत होऊन गेलेली असते. तारांवर अडकलेल्या पतंगांचे सांगाडे फडफडत असतात, आणि त्यांच्या मागे, इमारतींच्या गच्च्यांवरच्या कॉलेजांच्या जाहिरातफलकांवर, मुलामुलींचे चेहरे उगवू लागतात. काचीगुड्याहून नारायणगुड्याकडे निघावं तर डावीकडे चेहरे, उजवीकडे चेहरे. पासपोर्टच्या फोटोतून कापून काढलेले, कान बाहेर आलेले, तेल लावून चापून भांग पाडलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर एक आकडा, परीक्षेत आलेल्या नंबराचा. रेडिओ लावावा तर कुणीतरी ओरडत असतं, एक! एक! एक! दोन! दोन! जणू बाजार समितीत मिरचीचा लिलाव चालला आहे.

हैदराबादेत पावसाळा येतो तसा परीक्षेचा हंगाम येतो. त्याचा वाससुद्धा आहे. झेरॉक्सच्या तापलेल्या कागदाचा, हॉस्टेलच्या चिंचेच्या सांबाराचा, बंद वर्गात कोंडलेल्या वह्यांचा. यंदाही तो वास आला आणि मला तो हंगाम आठवला, ज्याच्यानंतर मी रंगीत तक्ते करणं सोडलं.

तेव्हा मी इंटर कॉलेजांच्या एका साखळीत नोकरी करत होते. इंटर म्हणजे आपली अकरावी-बारावी. इथे मात्र ती दोन वर्षं शिक्षा भोगल्यासारखी भोगायची असतात. साखळीच्या शाखा गल्लोगल्ली, आणि आमचं ऑफिस कुकटपल्लीला, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. काचेच्या भिंती, थंडगार हवा, आणि एकही विद्यार्थी दृष्टीस पडणार नाही अशी व्यवस्था. मुली-मुलं आमच्याकडे यायची ती आकड्यांच्या रूपात. दर आठवड्याच्या चाचणीचे गुण, हजेरी, आजारपण, मेसमध्ये जेवली की नाही, घरी किती वेळा फोन केला. हे सगळं गोळा करून त्यातून अर्थ काढणं हे आमच्या विभागाचं काम. निदान मला तरी तसं वाटत होतं.

आमचा प्रमुख निनाद. पुण्याचा, पण ऑफिसात माझ्याशीसुद्धा इंग्रजीतच बोलणारा. त्याला डेटात काडीचा रस नव्हता, त्याला रस होता प्रेझेंटेशनमध्ये. गुण म्हणजे काय, ते कुठून येतात, हे त्याला ठाऊक नव्हतं, पण बाण वर जाणारा हवा हे ठाऊक होतं. एका पानावर एकच वाक्य. वाक्यात जमल्यास तीनच शब्द. बोलताना हात उघडे ठेवायचे, म्हणजे लोकांचा विश्वास बसतो. मुद्दा संपला की थांबायचं, म्हणजे मुद्दा होता असं वाटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, स्क्रीनकडे कधीही वळून बघायचं नाही. वळून बघणारा माणूस दुबळा दिसतो म्हणे. कुठल्याशा कार्यशाळेतून तो हे शिकून आला होता, आणि मग आम्हा सगळ्यांना दोन दिवस एका हॉटेलात कोंडून त्याने ते शिकवलं. एक सडपातळ बाई आली होती, ती आम्हाला आरशासमोर उभं करून श्वास घ्यायला लावत होती. मी चाळिशीची बाई, घरी दोन मुलं, आणि आरशासमोर श्वास घेते आहे. दुपारी जेवायला बिर्याणी होती म्हणून बरं.

त्या आरशासमोर सगळ्यात वाईट ठरली लावण्या. जनगावकडची मुलगी, घरची भाताची शेती. संख्याशास्त्र शिकून आलेली, आणि त्याआधी अशाच एका साखळीच्या हॉस्टेलात दोन वर्षं काढलेली. ती उभी राहिली की हात कुठे ठेवायचे ते तिला कळायचं नाही. इंग्रजी वाक्य अर्ध्यावर तुटायचं. "यू आर लॉस्ट इन युअर ओन डेटा," निनाद सर्वांसमोर म्हणाला, आणि मग थांबला. मुद्दा होता असं वाटावं म्हणून.

मला ती अक्का म्हणायची. माझं तेलुगू काचीगुड्याच्या गल्लीतलं, बाजारहाटाचं. तिचं हिंदी आपल्या इथल्या दखनीवर पोसलेलं. दोघींचं छान जमायचं.

त्या वर्षी डिसेंबरात निनादच्या डोक्यात रंग आले. प्रत्येक विद्यार्थ्याला एक रंग. हिरवी म्हणजे नंबर आणणार. पिवळी म्हणजे जवळपास. लाल म्हणजे पास होईल न होईल अशी. मग नारायणगुड्याच्या मुलींच्या शाखेतल्या लाल मुली परीक्षेच्या आधी उचलायच्या आणि शहराबाहेरच्या आमच्या दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवायच्या. म्हणजे हिरव्यांचं लक्ष विचलित होणार नाही. खरी गोष्ट अशी की जाहिरातीत नारायणगुड्याचा निकाल म्हणजे तिथे शेवटी राहिलेल्या मुलींचा निकाल. लाल गेल्या की फलक स्वच्छ. पण असं कुठे लिहायचं नसतं. निनादने पानावर तीन शब्द लिहिले, 'फोकस्ड लर्निंग एन्व्हायर्न्मेंट'. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. कोपऱ्यात एक रोपटं.

घरी मी हे सांगितलं तेव्हा बाबा पेपर वाचत होते. जन्मभर सिटी सिव्हिल कोर्टात वकिली केलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे पोरींवर निकाल देऊन टाकला? परीक्षेच्या आधीच?"

"निकाल नाही बाबा, अंदाज आहे."

"मग शिक्षा कशाला? अंदाजावर शिक्षा देत नाहीत." आणि परत पेपर वर. "अजब कोर्ट आहे की तुमचं."

लावण्याने मात्र वेगळंच काही केलं. ती आदल्या वर्षाचा डेटा घेऊन बसली. आदल्या वर्षीही काही मुली अशाच हलवल्या होत्या, रंग न देता, गुपचूप. तिने त्यांचे दर आठवड्याचे गुण काढले. मग तेवढेच गुण असलेल्या, पण दुसऱ्या शाखांमध्ये जागच्या जागी राहिलेल्या मुली शोधल्या, आणि दोन्ही रेषा एका तक्त्यावर मांडल्या. मला बोलावून दाखवलं. डिसेंबरपर्यंत दोन्ही रेषा हातात हात घालून चाललेल्या. मग हलवण्याचा आठवडा. तिथून एक रेषा तशीच पुढे, शेवटी जराशी वरसुद्धा. दुसरी जिन्यावरून पडल्यासारखी खाली. आणि पुढे पुढे तर ती तुटकच होत गेलेली, कारण मुली चाचणीला बसणंच सोडत होत्या.

"अक्का, या मुली कच्च्या होत्या म्हणून गेल्या नाहीत," ती म्हणाली. "गेल्या म्हणून कच्च्या झाल्या."

मी तो तक्ता बघत राहिले. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण इतकं सरळ, इतकं स्वच्छ काही मी त्या ऑफिसात पाहिलं नव्हतं. खिडकीबाहेर मेट्रो गेली, काच थरथरली. लावण्याचा चेहरा कोरडा होता. तिचीही रेषा अशीच कुठेतरी खाली येऊन पुन्हा वर गेली असावी.

निनादने तो तक्ता जेमतेम पाहिला असेल. "इथे दोन रेषा आहेत. लोक गोंधळतात. आपली स्टोरी काय आहे? फोकस. ही त्या स्टोरीत बसत नाही."

"पण सर, ही खरी आहे," लावण्या म्हणाली.

"खरी असेल. पण ती कन्व्हिन्सिंग नाही."

हे वाक्य मी नंतर कित्येकदा मनात घोळवलं. असं वाक्य बोलायला माणसाला लाज वाटत नाही, कारण लाज वाटायला आधी ते वाक्य ऐकू यावं लागतं. निनादला स्वतःचा आवाज ऐकू यायचा, शब्द नाही.

मी चेअरमन साहेबांना मेल लिहिली, तक्ता जोडला. उत्तर आलं ते निनादकडून. हे आपल्यातच ठेवू या.

मग पालकसभा ठरली. मुली दुसरीकडे हलवायच्या तर पालकांच्या सह्या हव्या होत्या. निनादने ही सभा स्वतः घ्यायची ठरवली. नारायणगुड्याच्या शाखेतला हॉल, वर जुने पंखे, भिंतीवर देवी सरस्वती आणि तिच्या शेजारी गतवर्षीचे चेहरे. पालक नलगोंडा, महबूबनगर, जनगावकडून पहाटेच्या बसने आलेले. बायांच्या केसांत शेवंती, पुरुषांच्या सदऱ्याच्या बाह्या इस्त्रीने कडक, पिशव्यांमध्ये मुलींसाठी डबे. हॉलभर लोणच्याचा आणि तीळ लावलेल्या, अनारशांसारख्या गुळाच्या अरिसेलुंचा वास. मुली वरच्या मजल्यावर, चाचणी लिहीत होत्या.

निनादला तेलुगू येत नव्हतं. हैदराबादेत इतकी वर्षं राहून त्याला पाण्याला काय म्हणतात तो तेलुगू शब्दही येत नव्हता, आणि ते तो अभिमानाने सांगायचा. "इंटरप्रिटर ठेवू," तो म्हणाला. "लावण्या आहे ना. तेवढं तरी जमेल तिला." मला लॅपटॉपवर बसवलं, पानं पुढे सरकवायला.

सभा सुरू झाली. निनाद मंचाच्या मधोमध, हात उघडे, स्क्रीनकडे पाठ. लावण्या बाजूला दुसरा माइक घेऊन. कोपऱ्यात खुर्चीवर प्रिन्सिपल मॅडम.

निनाद इंग्रजीत म्हणाला, "प्रत्येक मूल वेगळं असतं. आम्ही प्रत्येक मुलाचा प्रवास समजून घेतो." आणि थांबला.

लावण्या तेलुगूत म्हणाली, "यांनी तुमच्या मुलींना तीन रंग दिले आहेत. हिरवा, पिवळा, लाल."

प्रिन्सिपल मॅडमनी मान वर केली.

निनाद म्हणाला, "आम्ही एक फोकस्ड लर्निंग एन्व्हायर्न्मेंट तयार करत आहोत."

लावण्या म्हणाली, "ज्या लाल आहेत त्यांना इथून काढून शहराबाहेरच्या इमारतीत नेणार आहेत. परीक्षेच्या तोंडावर. तुमच्या सह्या त्यासाठी हव्या आहेत."

हॉलमधली कुजबुज थांबली. पंख्यांची घरघर तेवढी राहिली. निनादला ती शांतता फार आवडली. त्याच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं, श्रोते जिंकल्याचं समाधान. तो आणखी फुलला. त्याने प्रवासाबद्दल सांगितलं, स्वप्नांबद्दल सांगितलं, पंखांबद्दल सांगितलं. लावण्या प्रत्येक वाक्यानंतर एकेक खरी गोष्ट शांतपणे सांगत गेली. तिचे हात कुठे होते ते मला आठवत नाही. कुणालाच आठवणार नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

प्रिन्सिपल मॅडमना सगळं समजत होतं. त्या उठतील, माइक काढून घेतील, असं मला वाटलं. त्या मांडीवरच्या पदराची चुणी सारखी करत बसून राहिल्या.

मग मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. कामाने रापलेली, मोठ्या हाडापेराची. हात वर न करताच तिने विचारलं, "मा बिड्ड ए रंगुल उन्नदम्मा?" माझी पोर कुठल्या रंगात आहे गं?

मुलीचं नाव सांगितलं तिने. लावण्याला यादी पाठ होती.

"एर्र," ती म्हणाली. लाल.

बाईने पदर तोंडाशी नेला नाही, काही नाही. फक्त विचारलं, "तिकडे नेल्यावर शिकेल का ती?"

लावण्याने माझ्याकडे पाहिलं. दोन रेषांचा तो तक्ता निनादने त्या फाइलमधून काढायला लावला होता, पण माझ्याकडे तो होता. मी तो उघडला. निनादच्या पाठीमागे, भिंतभर, त्या दोन रेषा उमटल्या. त्याने वळून पाहिलं नाही. नियमच होता त्याचा.

"या बघा," लावण्या म्हणाली. "ही रेघ जागेवर राहिलेल्या मुलींची. ही हलवलेल्या मुलींची." मग ती थांबली. लोकांना रेघा कळताहेत की नाही ते तिने चेहऱ्यांवर पाहिलं, आणि सांगितलं, "तुम्ही भात लावता. कोवळं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर ते धरतं. पण लोंबी भरायला लागल्यावर कुणी रोप उपटतं का?"

हॉलभर एक हुंकार उमटला. नाही, असा. सगळ्यांच्या छातीतून एकदम आलेला.

मी आयुष्यात शेकडो प्रेझेंटेशनं पाहिली. तेवढं एकच ऐकलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. माणसं उठली. निनादला वाटलं प्रश्नोत्तरं सुरू झाली, तो हसत पुढे आला. एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्याचे उघडे हात नुसते बाजूला सारले आणि सगळा जथा जिना चढून चेअरमन साहेबांच्या केबिनकडे गेला. साहेब त्या दिवशी तिथेच होते. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. साहेब तेलुगूत सांगत होते, "कोण हलवतंय? कुणीच हलवत नाही. रंगबिंग म्हणजे आमच्या पोरांचे कंप्यूटरवरचे खेळ. तुम्ही जेवून जा."

मुली कुठेही गेल्या नाहीत. आपापल्या बाकावर बसून त्यांनी परीक्षा दिली.

लावण्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि राजीनामा मागितला. ती लिहूनच आली होती. जाताना प्रत्येकाला देतात तसा मूल्यमापनाचा कागद तिला दिला, निनादच्या सहीचा. तो तिने खाली चहाच्या गाड्यापाशी मला वाचून दाखवला. संख्याशास्त्राचं ज्ञान उत्तम. संवादकौशल्य कमी, सुधारणेस भरपूर वाव.

आम्ही दोघी इतक्या हसलो की चहावाल्याने गॅस बारीक करून आमच्याकडे पाहिलं. मग तिचं हसणं थांबलं. "अक्का, घरी काय सांगू?" ती म्हणाली. वडिलांना बरं नव्हतं, भाऊ शिकत होता. पुढे काही महिने तिने शिकवण्या केल्या, वाईट दिवस काढले, आणि मग एका बियाणं संशोधन करणाऱ्या संस्थेत लागली. अजून तिथेच आहे. तिचं बोलणं अजूनही अर्ध्यावर तुटतं, इंग्रजीत असलं तर.

निकाल उन्हाळ्यात लागला. कडुलिंबाचा मोहोर गळून रस्त्याच्या कडेला पिवळसर थर साचला होता, मोगऱ्याचे गजरे विकायला आले होते, शाळा अर्ध्या दिवसाच्या झाल्या होत्या. लाल मुलींमधल्या बहुतेक पास झाल्या. त्या बाईची मुलगीही झाली. नंबर वगैरे काही नाही, नुसती पास. असल्या मुलींचे चेहरे कुठल्याही गच्चीवर चढत नाहीत, आणि त्याबद्दल त्यांचं अभिनंदनच करायला हवं.

आणि मग निनाद माझ्या टेबलाशी आला. शिक्षणक्षेत्रातल्या कुठल्याशा परिषदेत त्याला बोलायचं होतं. विषय, 'कोणीही मागे राहू नये'. आम्ही कमकुवत मुलींना दूर केलं नाही, पालकांशी खुला संवाद साधला, आणि बघा, निकाल. पालकसभेचा फोटो होता त्याच्याकडे. मंचावर तो, हात उघडे. मागच्या भिंतीवर त्या दोन रेषा. फोटोतसुद्धा त्याने त्या पाहिल्या नव्हत्या.

"तेवढं डेटाचं पान करून दे ना गं," तो म्हणाला. मराठीत. इतक्या वर्षांत तो माझ्याशी प्रथमच मराठीत बोलत होता. "आपली माणसं आपण. एवढं करशील ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. राग येत नव्हता. किळस वाटत होती, ताटात केस निघावा तशी, भूकच जाते.

"मी कशाला?" मी म्हटलं. "त्या मुलींपैकीच एखादीला बोलवा ना मंचावर. ती सांगेल काय झालं ते."

तो विचारात पडला. खरोखर पडला. कपाळाला आठी, बोट ओठावर. मला वाटलं, क्षणभरच वाटलं, की याच्या आत कुठेतरी काहीतरी हललं.

"आयडिया चांगली आहे," तो म्हणाला. "फोटोत बरी दिसेल अशी आहे का कोणी त्यांच्यात?"

मी उठले. पर्स घेतली. दुपारची वेळ होती, जिन्यात ऊन नुसतं ओतल्यासारखं पडलं होतं. संध्याकाळी राजीनामा पाठवला, एका ओळीचा. त्याचा फोन आला. का, काय झालं, काही गैरसमज झाला का, बसून बोलू या. पुन्हा पुन्हा तेच विचारत होता.

अवघड गोष्ट सोपी करून सांगायची, हेच माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं. त्याला मी काहीही सांगितलं नाही.